गावाच्या इतिहासाची वही उघडा
महाराष्ट्रातल्या सरपंचांना आणि ग्रामसभांना खुलं पत्र

प्रति,
सरपंच आणि ग्रामसभेचे सर्व सदस्य,
महाराष्ट्रातील सर्व ग्रामपंचायती

सरपंचताई, सरपंचदादा,



ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर काय काय असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. पाण्याची टाकी, घरकुलांची यादी, गटारं, शाळेच्या खोल्या, मागच्या सभेचं इतिवृत्त. या यादीत आणखी एक विषय घ्यावा, ही विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. विषय आहे गावाच्या इतिहासाचा. त्याला मोठा निधी लागत नाही. एक जाड वही, एक मोबाइल आणि ग्रामसभेचा एक ठराव एवढ्यावर काम सुरू होतं.

मी एका जिल्ह्याच्या इतिहास मंडळाचं काम करते. मंडळ लहान आहे. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, शेतकरी आहेत, कॉलेजात शिकणारी मुलंमुली आहेत. रविवारी मोडी लिपीचा वर्ग भरतो, महिन्यातून एकदा कुणीतरी टिपण वाचतं, आणि सुगी आटोपली की आम्ही भीमा-सीनेच्या काठची गावं पायाखाली घालतो. वीरगळांची नोंद करतो, शिलालेखांचे ठसे घेतो, घरोघर जाऊन जुने कागद असतील तर दाखवा म्हणून विनवतो. फिरता फिरता एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली. गावातला जुना पुरावा चोरीपेक्षा चांगल्या हेतूनं केलेल्या कामातच जास्त जातो. देवळाचा जीर्णोद्धार होतो, रस्ता रुंद होतो, कार्यालय नव्या इमारतीत जातं, पडका वाडा उतरवून तिथं स्लॅब पडतो. यातलं प्रत्येक काम गावाच्या भल्याचंच असतं. मात्र त्या दिवशी त्या जागी ‘जरा थांबा, आधी फोटो काढू’ म्हणणारं कुणी नसतं. आमचं मंडळ जिल्ह्याच्या गावी, पुरातत्त्व खात्याचं कार्यालय त्याहून लांब. त्या वेळी तिथं हजर असते ती एकटी ग्रामपंचायत. म्हणून हे पत्र मंत्र्यांना किंवा सचिवांना न लिहिता तुम्हाला लिहिलं आहे.

अलीकडे महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशा दोन गोष्टी घडल्या. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. 11 जुलै 2025 रोजी मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले 11 महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. गावोगाव फटाके वाजले, आम्हीही पेढे वाटले. पण केंद्राची आणि राज्याची संरक्षित स्मारकं मिळून महाराष्ट्रात हजारही भरत नाहीत, आणि ग्रामपंचायती आहेत सुमारे 28 हजार. म्हणजे बहुतेक गावांतली बारव, वीरगळ, शिलालेख किंवा जुनं देऊळ कुठल्याही सरकारी यादीत नाही. त्याच्यावर निळी पाटी नाही, पहारेकरी नाही. त्याला वाली असलाच तर तो गावच आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासाची साधनं राजधान्यांपेक्षा गावांनी आणि लहान शहरांनीच जास्त पुरवली आहेत. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 साली छापला. 1750 ते 1761 या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची त्यातली पत्रं वाईच्या दप्तरातून आली होती. पुढे या मालेचे 22 खंड झाले. त्यासाठी राजवाडे आयुष्यभर गावोगाव हिंडले, लोकांच्या घरातले रुमाल सोडून कागद वाचत बसले. 7 जुलै 1910 रोजी खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात त्यांचं निधन झालं आणि त्यांच्यामागे त्यांचा संग्रह सांभाळायला धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. मिरजेला शाळेत शिकवता शिकवता वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांचं दप्तर वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध केला. नागपुरात 1934 साली विदर्भ संशोधन मंडळ सुरू झालं. ही सगळी कामं वर्गणीवर, देणग्यांवर आणि माणसांच्या चिकाटीवर झाली.

सोलापूरचे आनंद कुंभार हे आमच्या भागातलं मोठं उदाहरण. ते कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. जिल्ह्यातली गावं पायी तुडवून त्यांनी शिलालेख शोधले. भीमा-सीनेच्या संगमावरच्या हत्तरसंग कुडल इथल्या संगमेश्वर मंदिरातला शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी लेख त्यांनी उजेडात आणला. मराठीतल्या सगळ्यात जुन्या, सालाचा उल्लेख असलेल्या लेखांत आज त्याची गणना होते. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे सातवाहन काळातलं तगर. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक ग्रंथात पैठणबरोबर त्याचं नाव येतं. तिथले रामलिंगप्पा लामतुरे गावात आणि शिवारात सापडणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती जमवत राहिले, आणि आज तेरचं सरकारी वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावानं ओळखलं जातं. पैठणलाही बाळासाहेब पाटलांच्या नावाचं असंच संग्रहालय आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 साली भिल्ल समाजातल्या एका माणसाला झाडाचं मूळ खणताना धातूचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. चारही मिळून साठ किलोंहून जास्त वजनाची ही शिल्पं आज साऱ्या देशाच्या प्राचीन इतिहासात मोलाची मानली जातात. कोकणात सडा तुडवणाऱ्या गुराख्यांना आणि गावकऱ्यांना कातळावरची चित्रं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. रत्नागिरीच्या हौशी अभ्यासकांनी गावकऱ्यांना विचारत विचारत ती नोंदवली, आणि 2022 साली कोकणातली कातळशिल्पं जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. या प्रत्येक ठिकाणी पहिली नजर स्थानिक माणसाची होती. पुढचं शास्त्र तज्ज्ञांनी केलं.

म्हणून आता तुमच्याच गावात काय पाहायचं ते सांगते.

वेशीजवळ, मारुतीच्या देवळामागे किंवा पारावर कमरेएवढा, कधी पुरुषभर उंचीचा कोरीव दगड उभा असेल, तर बहुधा तो वीरगळ आहे. त्यावर एकावर एक असे तीन-चार कप्पे असतात आणि तो खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खाली लढाई किंवा रणात पडलेला वीर. तिथं गाई कोरलेल्या दिसल्या, तर गावची गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना तो पडला असं समजतात. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वरच्या कप्प्यात तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. शेंड्यावर कलश आणि बाजूला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात असेपर्यंत याचं नाव राहो. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला असेच वीरगळ आहेत. त्यांच्यावर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे. दगडावर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. गाढवाची आकृती असेल तर तो गधेगाळ. दिलेलं दान मोडणाऱ्यासाठी त्यावर शापवाणी असते आणि आसपास अक्षरं सापडण्याचा संभव असतो.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं, साल नसतं. म्हणून तो नेमका कुठं उभा आहे, ही त्याची अर्धी माहिती असते. जुन्या वाटेवर आहे, ओढ्याच्या उतारावर आहे की ओसाड पडलेल्या गावठाणात आहे, यावरून लढाई कुठं झाली असेल याचा अंदाज येतो. तो उचलून देवळाच्या आवारात नेला, पायरीला बसवला किंवा सिमेंटच्या ओट्यात गाडला, की ही माहिती कायमची जाते. शेंदराच्या थरांनी आणि ऑइल पेंटनं तर अक्षरंच बुजतात. आमचं म्हणणं पूजा थांबवा असं मुळीच नाही. शेकडो वर्षं हे दगड टिकले ते लोकांच्या श्रद्धेमुळेच. दगड हलवायची वेळ आलीच तर आधी चारही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, मूळ जागा नकाशावर टिपा, आणि मगच हात लावा.

गावाजवळ पांढरीचं टेकाड असेल तर त्याचीही अशीच काळजी घ्या. खापऱ्या, राख, हाडं, मणी असलेली ही मऊ माती शेतात टाकायला चांगली म्हणून ट्रॉलीनं उचलली जाते. पण पांढर म्हणजे जुनी वस्ती. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 पासून वर्षानुवर्षं उत्खनन केलं, तेव्हा अशाच टेकाडातून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, धान्याच्या कणग्या आणि दफनं बाहेर आली. आपल्या आधी या जमिनीत कोण राबलं, हे सांगणारा दुसरा कागद जगात नाही. ट्रॉली भरण्यापूर्वी एवढं ध्यानात असावं.

आता कागदांकडे येते. जुन्या घराच्या माळ्यावर, देवघराच्या फडताळात लाल कापडात बांधलेला रुमाल सापडतो. तो सोडला की मोडी. लिहिणाऱ्यानं आधी ओळीवर आडवी रेघ ओढलेली असते आणि तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरं ओवलेली असतात. शब्दांत अंतर नसतं, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो सगळा गुंता वाटतो, पण वर्गात बसून थोडे महिने सराव केला की तो सुटतो. वर्गात पहिली गंमत वाटते ती तारखेची. कागदावर ‘अर्बा सबैन मया व अलफ’ असं साल दिसतं. अर्बा म्हणजे चार, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज 1174. हा शुहूर सन. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन 1773-74 येतं. म्हणजे पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला ते वर्ष. शुहूर सन मृग नक्षत्र लागलं की सुरू होतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. राज्यकारभाराचं वर्ष पेरणीला धरून चाललेलं असायचं. असा एक कागद वाचून दाखवला की विशीतली पोरंसुद्धा खुर्ची पुढं ओढतात.

या कागदांत सनदा आणि इनामपत्रं असतात, तशाच साध्या माणसांच्या गोष्टीही असतात. विहिरीच्या पाण्याची पाळी कुणाची, जत्रेतला मान कुणाचा, दुष्काळात सारा किती सुटला, कोणत्या वर्षी टोळधाड आली. महजर म्हणजे गावच्या सभेचा निवाडा. त्याखाली गावच्या लोकांच्या सह्या असतात आणि लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या. पाटलाचा नांगर, सुताराचं हत्यार. त्या काळातल्या कष्टकऱ्यानं स्वतः मागे ठेवलेली खूण म्हणून एवढंच उरलेलं असतं. असे कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, लॅमिनेट करू नका, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. धुतलेल्या सुती कापडात सैल बांधा, सोबत वेखंड ठेवा, जमिनीपासून आणि ओलीपासून दूर ठेवा. दिवसाउजेडी मोबाइलवर फोटो काढून घेतले की निम्मी धास्ती गेली.

ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या आणि चावडीच्या स्वतःच्या दप्तराबद्दल तर कळकळीनं सांगायचं आहे. सरकारी कामात मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. गाव नमुना 14, म्हणजे कोतवालाकडची जन्म-मृत्यूची नोंदवही, शाळेचं जनरल रजिस्टर, जुनी वसुलीची पुस्तकं ही त्या काळची हजेरी आहे. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारनं निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात हीच रजिस्टरं बाहेर काढावी लागली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. त्यामागच्या आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू काय, हा या पत्राचा विषय नाही. पण त्यातून एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली. जिथं रजिस्टर जपलं होतं तिथं माणसाला उत्तर मिळालं, जिथं वाळवीनं खाल्लं होतं तिथं मिळालं नाही. दप्तराचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण करून मुदत संपलेले कागद नष्ट करायची पद्धत आहे, ती नियमानं चालू द्या. फक्त स्वातंत्र्याआधीचं किंवा मोडीतलं काहीही नष्ट होण्यापूर्वी एकदा जाणत्याच्या नजरेखालून जाऊ द्या. त्यासाठी जवळचं इतिहास मंडळ, कॉलेजचा इतिहास विभाग किंवा पुराभिलेख संचालनालय यांना कळवता येतं. नव्या इमारतीत जायच्या गडबडीत जुन्या गठ्ठ्यांची रद्दी करू नका, एवढीच विनवणी.

गावाच्या इतिहासाचा तिसरा साठा आज कट्ट्यावर आणि ओसरीवर बसलेला आहे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं आता सत्तरी-ऐंशी ओलांडून गेली. सुकडी कशी मिळायची, हजेरी कोण घ्यायचं, कुठला पाझर तलाव त्यांच्या हातांनी झाला, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्याच अनुभवातून महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि देशाला तसा कायदा 2005 मध्ये मिळाला. तुमच्या गावच्या त्या बायाबापड्यांच्या घामावर उभा राहिलेला हा कायदा आहे. मग त्या कामावर कोण कोण होतं, याची यादी गावात असायला नको का? मराठवाड्यात 17 सप्टेंबर 1948 चा मुक्तीचा दिवस पाहिलेली माणसं आता अगदी थोडी उरली. 1982 च्या गिरणी संपानंतर कोकणात, साताऱ्यात, सांगलीत परतलेले कामगार म्हातारे झाले. कोयना आणि उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावठाणांची गल्ली न्‌ गल्ली आठवणारे लोक अजून आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडची कितीतरी गावं नव्या जागी वसली. जुन्या गावात कुणाचं घर कुठं होतं, हे तिथल्या लहान मुलांना आज कोण सांगणार?

बायकांच्या आठवणी विचारायच्या राहूनच जातात. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासर-माहेर, शेत, पंढरीची वाट, बाबासाहेब आंबेडकर, सगळं त्यांत आलं. हे काम झालं नसतं तर गिरण्या आल्या तशा त्या ओव्या मुकाट विरून गेल्या असत्या. 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. सरपंचताई, तुम्ही म्हाताऱ्या बाईच्या शेजारी बसलात तर ती जे बोलेल, ते आमच्यासारख्या पाहुण्यांना ती कधी सांगणार नाही.

काही अडचणी आम्हाला ठाऊक आहेत. लोक कागद दाखवायला भितात. जमिनीचा जुना वाद उकरला जाईल, भाऊबंदकी पेटेल, सरकार काही काढून घेईल, असं वाटतं. आणखी एक दुखणं आम्ही गावोगाव ऐकलं आहे. पूर्वी कुणी अभ्यासक येऊन रुमाल घेऊन गेला, तो परत आलाच नाही. ही तक्रार रास्त आहे. म्हणून ग्रामसभेनं नियमच करावा की मूळ कागद मालकाच्या घरातून हलणार नाही, फक्त फोटो निघतील, ते मालकाच्या परवानगीनं निघतील आणि एक प्रत मालकाला मिळेल. वही लिहिताना वतन, हद्द, मालकी यांचा निकाल लावायचा नाही. तो कोर्टाचा विषय. आपण फक्त काय सापडलं ते नोंदवायचं.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. प्रत्येक गावाला वाटतं की आपल्याकडे महाराजांचा मुक्काम झाला होता, आपलं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं. सांगीव गोष्टीही जपल्या पाहिजेत, पण वहीत त्या ‘आख्यायिका’ म्हणून लिहा आणि कुणी सांगितली तेही लिहा. पुरावा असेल ते वेगळ्या पानावर घ्या. खोट्या अभिमानापेक्षा खरी छोटी नोंद केव्हाही मोठी. आणि ही वही साऱ्या गावाची असू द्या. पाटील वाड्याची वंशावळ असेल तशी दलित वस्तीतल्या जुन्या तक्क्याची, वाचनालयाची आणि विहिरीसाठी झालेल्या भांडणाचीही नोंद असावी. दर्ग्याचा उरूस, धनगरांच्या चराईच्या वाटा, पारधी पाल, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, सगळ्यांना पान मिळालं पाहिजे. 1915 साली त्रिंबक नारायण आत्र्यांनी ‘गावगाडा’ लिहिला, त्यात गावात कोण कसं जगतं हे त्यांनी बारकाईनं पाहिलं. शंभर वर्षांनंतर तसं पुस्तक बाहेरच्या कुणी लिहायची वाट पाहायचं कारण नाही. गावानं स्वतःच ते लिहावं.

कायद्याचं थोडं सांगणं भाग आहे. पाया खणताना किंवा नांगरताना नाण्यांचा हंडा किंवा मूर्ती सापडली तर ती वाटून घेणं, वितळवणं किंवा विकणं गुन्हा आहे. 1878 च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. सापडलेल्या वस्तूला चमकवायला चिंच-लिंबू, तारेचा ब्रश वापरू नका. जशी निघाली तशी ठेवा, जागेचा फोटो काढा आणि तहसीलदारांना त्याच दिवशी कळवा.

असं काम ग्रामपंचायतीला नवं नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव समित्या झाल्या आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्यात आली. कुठली झाडं, कुठले मासे, कुठली देशी वाणं, याची नोंद जर गावाकडून अपेक्षित आहे, तर कुठली बारव, कुठला शिलालेख, कुठली आठवण, याचीही नोंद गाव ठेवू शकतं. शाळेतल्या नववीच्या मुलांना प्रकल्प म्हणून एकेक गल्ली वाटून द्या. बारवा साफ करणारी, गडांवर जाणारी तरुण मंडळं आता बहुतेक तालुक्यांत आहेत, त्यांना बोलवा. आमच्यासारखी मंडळं पुण्या-धुळ्यापासून लहान तालुक्यांपर्यंत आहेत. मोडी वाचून द्यायला, मुलांना शिकवायला, लेखाचा ठसा घ्यायला आम्ही येऊ. येण्याजाण्याचा खर्च आमचा. तुम्ही फक्त बोलावणं धाडा.

काम सोपं व्हावं म्हणून ठरावाचा मसुदा सोबत देते. पुढच्या ग्रामसभेत तो वाचावा, हवे ते बदल करावेत आणि मंजूर करावा.

‘‘ठराव क्रमांक …

आजच्या ग्रामसभेत असे ठरले की,

1. गावाची इतिहास नोंदवही आजपासून सुरू करण्यात यावी. ती ग्रामपंचायत कार्यालयात राहील आणि कोणत्याही ग्रामस्थाला पाहता येईल.

2. गावातील जुनी देवळे, दर्गे, बारवा, वीरगळ, शिलालेख, पांढरीची जागा आणि जुने वाडे यांची फोटोंसह नोंद करण्यात यावी.

3. जीर्णोद्धार, रंगकाम, रस्ता रुंदीकरण किंवा पाडकाम सुरू करण्यापूर्वी सदर नोंद पूर्ण असल्याची खात्री करावी. कोरीव दगड त्यापूर्वी हलवू नयेत.

4. ग्रामपंचायत, शाळा आणि चावडीचे जुने दप्तर, विशेषतः मोडीतील कागद, तज्ज्ञांनी पाहिल्याशिवाय नष्ट करू नये.

5. घरातील जुने कागद मालकाच्या ताब्यातच राहतील. परवानगीने फक्त छायाचित्रे घेण्यात यावीत व त्यांची प्रत मालकास द्यावी.

6. सत्तर वर्षांवरील ग्रामस्थांच्या आठवणी, त्यांच्या संमतीने, ध्वनिमुद्रित करून त्यांचा गोषवारा वहीत लिहावा. त्यात निम्म्या महिला असाव्यात.

7. या कामासाठी महिला, तरुण, शिक्षक आणि सर्व वस्त्यांचे प्रतिनिधी असलेली समिती नेमण्यात यावी. तिने प्रत्येक ग्रामसभेत अहवाल मांडावा.

सूचक : …
अनुमोदक : …
ठराव सर्वानुमते मंजूर.’’

सरपंचताई, सरपंचदादा, पाच वर्षांत तुम्ही बांधलेला रस्ता पुढे कुणीतरी पुन्हा करील, टाकी पुन्हा बांधावी लागेल. हातची गेलेली आठवण आणि वाळवीनं खाल्लेला कागद मात्र कुठल्याच निधीतून परत आणता येत नाही. तुमच्या कारकिर्दीत ही वही सुरू झाली, तर पुढची प्रत्येक ग्रामसभा तुमच्या नावानं सुरू झालेल्या त्या पहिल्या पानापासून पुढं लिहीत जाईल. ठराव मंजूर झाला की त्याची एक प्रत तुमच्या जिल्ह्यातल्या इतिहास मंडळाला पाठवा. पुढच्या रविवारी आम्ही गावात हजर असू.

आपली नम्र,
जिल्हा इतिहास मंडळाची एक कार्यकर्ती